गोंदियाच्या फलाटावर एकटं मूल उतरलं तर

हावड्याहून मुंबईकडे निघालेली गाडी छत्तीसगडमधलं डोंगरगड सोडते, सालेकसा, आमगाव मागे टाकते आणि गोंदियाला येऊन थांबते. पूर्वेकडून येणाऱ्याला महाराष्ट्रात लागणारं हे पहिलं मोठं जंक्शन. इथून एक फाटा बालाघाटवरून जबलपूरला जातो, दुसरा नागभीडवरून बल्लारशाला, आणि मुख्य मार्ग सरळ नागपूरला. ओडिशा, बंगाल, झारखंड, छत्तीसगड इथून मुंबई, पुणे, सुरत, अहमदाबादकडे कामाला निघालेली कितीतरी माणसं याच रुळांवरून जातात.

या गर्दीत अधूनमधून एखादं मूल असं असतं, की ज्याच्यासोबत त्याचं कुणीच नाही. किंवा सोबत माणूस आहे, पण तो त्याचा कोण, हे दोघांनाही धड सांगता येत नाही. अशा मुलाला गोंदियाच्या फलाटावर कुणी थांबवलं, तर पुढे काय होतं? त्याला कुठे नेतात, कोण विचारपूस करतं, घरी कसं पोचवतात? आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, की पोलीस येतात आणि घेऊन जातात, एवढंच. प्रत्यक्षात ही बरीच लांब आणि बारकाईने आखलेली वाट आहे. तिची आखणी अशी का केली आहे, हे कळलं की थेट अमेरिकेच्या सीमेवर मुलांवरून इतकी वर्षं चाललेल्या वादाचाही अर्थ लागतो.

कोणती मुलं?

आधी मुलं कोणती ते पाहू. ढोबळ मानाने चार प्रकार.

पहिला, हरवलेली. नवरात्रात डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी गाड्या ओसंडतात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या यात्रेला अनेक राज्यांतून गोंड समाजाची माणसं येतात. अशा गर्दीत आईचा पदर सुटला, की मूल भलत्याच डब्यात चढतं.

दुसरा, पळून आलेली. घरचा मार, नापास झाल्याची भीती, सावत्रपणा, किंवा नुसतं मुंबई बघायचं खूळ. तिसरा, कामाला नेली जाणारी. यांच्यासोबत बहुतेकदा मुकादम किंवा ठेकेदाराचा माणूस असतो. कधी ओळखीचाच कुणी असतो, आणि त्याने मुलाच्या बापाच्या हातावर थोडी उचल ठेवलेली असते. चौथा, सोडून दिलेली किंवा कुणीच न उरलेली.

रेल्वे सुरक्षा बल, म्हणजे आरपीएफ, 'ऑपरेशन नन्हे फरिश्ते' नावाने अशा मुलांची मोहीम चालवतं. 2018 ते मे 2024 या काळात देशभरातली स्थानकं आणि गाड्यांतून 84 हजारांहून अधिक मुलं या दलाने ताब्यात घेतली. एकट्या 2018 मध्ये ती 17,112 होती, आणि त्यांतली 13,187 घरातून पळून आलेली होती. 'मुलं पळवणारी टोळी' म्हटलं की डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. त्या वर्षी पळवून नेलेल्या मुलांची नोंद 87 होती. म्हणजे बहुतेक मुलं स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडतात. त्यांना घरी पोचवताना हे विसरून चालत नाही.

पाचवा गटही आहे आणि संख्येने तोच सगळ्यांत मोठा आहे, पण त्याला गाडीतून कुणी उतरवत नाही. आईबापासोबत स्थलांतर करणारी मुलं. धान निघालं, की जिल्ह्यातली कित्येक कुटुंबं नागपूर, हैदराबादकडे कामाला जातात आणि पोरंही सोबत जातात. या मुलांना संरक्षणाची नाही, शाळेची गरज असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांना जिथे जातील तिथल्या शाळेत वयाप्रमाणे वर्गात बसायचा हक्क दिला आहे आणि दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तो विषय वेगळ्या लेखाचा. आपण एकट्या मुलाकडे परत येऊ.

पहिला तास

समजा, हावड्याकडून आलेल्या गाडीच्या जनरल डब्यातून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा गोंदियाला उतरला. पायात चप्पल नाही, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पाण्याच्या नळाशी बराच वेळ उभा आहे. त्याला सगळ्यांत आधी कोण पाहतं? बहुधा चहावाला, वेंडर, हमाल, सफाई कामगार किंवा टीसी. फलाटावर रोज वावरणाऱ्याची नजर यात तयार झालेली असते. घरचं मूल गाडी येताना आईकडे बघतं, एकटं मूल गणवेश दिसला की नजर चुकवतं.

पाहणाऱ्याने दोनपैकी एक करायचं. समोर आरपीएफ किंवा लोहमार्ग पोलीस असतील तर त्यांना सांगायचं, नसतील तर फोन. 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका उपक्रमातून सुरू झाला. 2023 पासून तो 'मिशन वात्सल्य'खाली सरकारच चालवतं, आणि 112 शी तो जोडलेला आहे. धावत्या गाडीत असाल तर रेल्वेचा 139.

पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतल्यावर कसं वागायचं, हेही ठरलेलं आहे. रेल्वेने त्यासाठी 2015 साली कार्यपद्धती केली आणि 2024 मध्ये ती नव्याने काढली. मुलाला कोठडीत बसवायचं नाही, बेडी नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो, आणि मुलाशी बोलायचं ते शक्यतो साध्या कपड्यांत, त्याने. मुलगी असेल तर महिला पोलीस सोबत हवी. आधी पाणी, खाणं, दुखलं-खुपलं असेल तर डॉक्टर. मग नोंद: कुठल्या गाडीत, कुठल्या डब्यात, किती वाजता, अंगावर काय, खिशात काय. सोबतच्या माणसाला वेगळं बसवून त्याचा जबाब वेगळा घेतात. मुलासमोर त्याला विचारलं, की मूल तो म्हणेल त्याला मान डोलावतं.

सामान्य माणसासाठीही कायद्यात एक कलम आहे. हरवलेलं किंवा कुणीच नसलेलं मूल आपल्याला सापडलं आणि आपण ते ठेवून घेतलं, तर 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे. 'बिचारं आहे, राहू दे आमच्याकडे, घरकामाला हातभार लावेल' हा दयाळूपणा गुन्हा ठरतो. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

24 तास आणि पाच माणसं

ही सगळी वाट 2015 च्या बाल न्याय कायद्याने आखून दिली आहे. त्यात मुलाची व्याख्या एका ओळीची: वयाची 18 वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. कुठल्या राज्याची, कुठल्या धर्माची, कागद आहेत की नाहीत, यातलं काहीही त्या ओळीत नाही.

मूल सापडल्यापासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला बाल कल्याण समितीपुढे उभं करावंच लागतं. पोलिसांखेरीज कामगार निरीक्षक, डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता किंवा कुणीही नागरिक मुलाला समितीपुढे नेऊ शकतो. मूल स्वतःहूनही जाऊ शकतं, आणि तशी तरतूद कायद्यात स्पष्ट लिहिली आहे.

ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष, चार सदस्य. त्यांत किमान एक महिला आणि किमान एक मुलांच्या प्रश्नांचा जाणकार. मुदत तीन वर्षांची, महिन्यातून किमान 20 दिवस बैठक. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, म्हणजे ती साक्षीदार बोलावू शकते आणि आदेश देऊ शकते. पण ते कोर्ट नव्हे. उंच आसन नको, काळा कोट नको, मुलाला आरोपीसारखं उभं करायचं नाही. मूल रात्री सापडलं आणि बैठक नसेल, तर एका सदस्यापुढे नेऊनही त्याला बालगृहात ठेवता येतं.

24 तासच का? पोलीस ठाण्यातला मुक्काम लांबला, की दोन गोष्टी घडतात. मुलाला नेणारे लोक त्याचा माग काढत येतात आणि 'आमचंच पोर आहे साहेब' म्हणून घेऊन जातात. शिवाय ठाण्यातल्या लोकांनाही ते जड होतं, आणि कुणीतरी परतीच्या गाडीत बसवून मोकळं होतं. 24 तासांची अट या दोन्ही सोप्या वाटा बंद करते. मूल कुणाच्या हवाली करायचं, हे ज्याच्या ताब्यात ते आहे त्याने ठरवायचं नाही, एवढाच तिचा अर्थ.

गाव कसं सापडतं

समितीपुढचं सगळ्यांत चिकाटीचं काम म्हणजे पत्ता काढणं. आपल्या त्या मुलाला विचारलं, 'गाव कोणतं?' तो म्हणाला, 'रायपूर.' लगेच लिहून घेतलं तर फसगत होते. त्याला ठाऊक असलेलं मोठं नाव रायपूर, म्हणून त्याने ते सांगितलं. घर तिथून तीन बस बदलून असू शकतं.

मुरलेला समुपदेशक गावाचं नाव विचारत बसत नाही. तो विचारतो: बाजार कुठल्या वारी भरतो? बाजाराला चालत जाता की गाडीने? शाळेच्या भिंतीवर काय लिहिलंय? मास्तरांचं नाव काय? जवळ नदी आहे का, पूल आहे का? मंडईची यात्रा कधी? घरी भाताला काय म्हणतात, आजीला काय म्हणतात? छत्तीसगडी, ओडिया, हलबी, गोंडी, पोवारी, झाडीबोली अशा भाषा ज्या पट्ट्यात शेजारी-शेजारी बोलल्या जातात, तिथे दोन-तीन शब्दांवरून जिल्ह्याचा अंदाज येतो. सोमवारचा बाजार, नदीवरचा पूल आणि मास्तरांचं आडनाव, एवढं हातात आलं की त्या बाजूच्या ठाण्याला फोन लावता येतो.

दुसऱ्या बाजूने शोध चालू असतोच. मूल हरवल्याची तक्रार आली, की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं. आधी 'दोन दिवस वाट बघा, येईल' म्हणून पालकांना परत पाठवायची सर्रास पद्धत होती. आता तक्रारी आणि सापडलेली मुलं एका पोर्टलवर येतात आणि जुळवल्या जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या 'ऑपरेशन मुस्कान'मध्ये हीच जुळवाजुळव मोहीम म्हणून केली जाते.

वय ठरवायचं कसं

इथे एक गाठ असते. सोबतचा माणूस म्हणतो, 'हा अठराचा आहे, हे बघा आधार.' समोर मिसरूडही न फुटलेला पोरगा. अशा वेळी कायद्याने क्रम लावून दिला आहे. पाहताक्षणी मूल दिसत असेल, तर समिती तसं नोंदवून पुढे जाऊ शकते. शंका असेल तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तेही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि ती आदेशापासून 15 दिवसांत. या यादीत आधार कार्ड नाही. ज्या धंद्याला मुलं मोठी करून दाखवायची असतात, त्याच्यासाठी तारीख बदलून घेतलेलं कार्ड हाच पहिला कागद असतो.

मूल चौदाच्या आतलं आणि कामाला नेलं जात असेल, तर बालकामगार कायदा लागू होतो. 2016 च्या दुरुस्तीने या वयाखालची मजुरी बंद केली, सवलत आहे ती फक्त शाळेनंतर घरच्या कामाला हात लावण्याची आणि बालकलाकारांना. चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. फसवून किंवा पैशाच्या जोरावर शोषणासाठी नेत असतील, तर मानवी तस्करीचा गुन्हा. तो आधी भारतीय दंड संहितेच्या 370 व्या कलमाखाली होता, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 143 व्या कलमाखाली आहे.

मुक्काम, अहवाल, परतीचा प्रवास

आता मुलगा बालगृहात आहे. सहा वर्षांखालचं अनाथ किंवा टाकून दिलेलं मूल असतं, तर ते विशेष दत्तक संस्थेकडे गेलं असतं. समिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाला किंवा एखाद्या संस्थेला सामाजिक चौकशी अहवाल मागते. त्यासाठी 15 दिवस, आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश, अशी मुदत आहे.

हा अहवाल म्हणजे या सगळ्या कामाचा कणा. घरी कोण आहे? मूल का निघालं? कर्ज आहे का, दारू आहे का, शाळा सुटली का? परत पाठवलं तर ते आठवड्यात पुन्हा गाडीत बसेल का? पळून आलेल्या मुलांबाबत हा प्रश्न टाळता येत नाही. बाप घ्यायला आला, रडला, सही केली आणि घेऊन गेला, हे सगळ्यांना बरं वाटतं. पण मुलाच्या पाठीवरचे वळ अहवालात आले नाहीत, तर त्याला जिथून ते पळालं तिथेच परत टाकल्यासारखं होतं. म्हणून समितीने मुलाशी वेगळं बोलून त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. घर सुरक्षित नसेल तर नातेवाईक, पालनपोषण योजनेतलं कुटुंब किंवा बालगृह हे पर्याय असतात.

घर ठीक आहे असं दिसलं, की परतीचा आदेश निघतो. मूल दुसऱ्या राज्यातलं असेल तर समिती त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवते. विशेष बाल पोलीस पथकाने 15 दिवसांत सोबत जाऊन पोचवायचं, आणि मुलगी असेल तर महिला पोलिसासोबतच. म्हणजे गोंदियाची समिती मूल थेट दाराशी सोडत नाही, तिकडच्या समितीच्या हाती देते. पुढची देखरेख त्यांच्याकडे.

कागदावर हे असं सरळ दिसतं. प्रत्यक्षात अडतं ते मुदतींशी. चौकशीसाठी दुसऱ्या राज्यात माणूस पाठवायचा, तिथून उत्तर यायचं, पोलिसांना सोबत जायला मोकळीक मिळायची. यातलं एक जरी लांबलं, की बालगृहातले 15 दिवस 40 होतात, आणि घरची ओढ लागलेल्या मुलाला ते शिक्षेसारखे वाटतात.

उतावीळ संशयाची किंमत

याच व्यवस्थेत उलटी चूकही होऊ शकते. 2023 च्या मे महिन्यात बिहारहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीतून भुसावळ आणि मनमाड इथे मिळून 59 मुलांना उतरवण्यात आलं. मुलं अररिया भागातली, महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला निघालेली. सोबत असलेल्या पाच जणांवर मानवी तस्करीचे गुन्हे लागले, ते सुमारे चार आठवडे तुरुंगात होते, आणि मुलं जवळपास बारा दिवस बालगृहांत. तपासात तस्करीचं काही निघालं नाही. 2024 च्या मार्चमध्ये पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगत प्रकरण बंद केलं.

गाडी थांबवून विचारणं चुकीचं नव्हतं. एवढी मुलं आणि मोजकी मोठी माणसं दिसली, तर विचारायलाच हवं. पण आईवडिलांना फोन, त्यांची संमती, शाळेची खातरजमा ही चौकशी आधी आणि गुन्ह्याचा शिक्का नंतर, हा क्रम उलटला. संशयाला चेहरा मिळाला, की लोकांना आणि यंत्रणेलाही पुराव्याची घाई राहत नाही. वर सांगितलेला प्रत्येक टप्पा मुलाला जसा गुन्हेगारापासून वाचवतो, तसाच निरपराध माणसाला गर्दीच्या मतापासूनही वाचवायला हवा.

लोकांचं मत किती टिकतं

लोकांचं मत किती झपाट्याने फिरतं, हे 2020 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, विदर्भाने जवळून पाहिलं. हैदराबादहून बालाघाटला निघालेल्या एका मजुराने लाकडी गाडी करून तिच्यावर गरोदर बायको आणि लहान मुलगी बसवली आणि शेकडो किलोमीटर ओढत नेली. त्या चित्रफितीने देश हळहळला. बालाघाटच्या सीमेवर पोलिसांनी त्या मुलीला बिस्किटं दिली, चप्पल दिली आणि पुढे गाडीची सोय केली. त्याच आठवड्यांत राज्यातल्या कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकून परतणाऱ्या मजुरांना, म्हणजे स्वतःच्याच गावच्या पोराबाळांना, बाहेर थांबवलं. माणसं दोन्हीकडे तीच. एक मूल समोर दिसलं तेव्हा मन पाघळलं, 'लोंढे येतायत' हे ऐकू आलं तेव्हा दारं लागली.

अमेरिकेत हेच मोठ्या पटावर घडलं, आणि तिथे त्याची मोजणी झाली. 2014 च्या आर्थिक वर्षात मेक्सिकोच्या सीमेवर एकटी आलेली 68 हजारांहून अधिक मुलं पकडली गेली. त्यांतली बहुतेक ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोरची. कॅलिफोर्नियातल्या मुरिएटा गावी जुलैमध्ये निदर्शकांनी स्थलांतरित माता-मुलांच्या बस अडवून परत पाठवल्या. चार वर्षांनी, 2018 मध्ये, ट्रम्प सरकारने सीमेवर मुलांना आईबापापासून तोडायला सुरुवात केली. तेव्हा क्विनिपिअॅक विद्यापीठाच्या पाहणीत 66 टक्के मतदार त्याच्या विरोधात निघाले, आणि जूनमध्ये ते धोरण मागे घ्यावं लागलं. गॅलप ही संस्था दरवर्षी विचारते, की स्थलांतर कमी करावं का. 2024 मध्ये 'हो' म्हणणारे 55 टक्के होते, 2025 मध्ये 30 टक्के. एका वर्षात इतका फरक. मत बदललं, कारण लोकांच्या डोळ्यांपुढचं चित्र बदललं: आधी सीमेवरची गर्दी होती, नंतर शेजाऱ्याच्या घरावरची धाड आली.

या झोक्यात तिथलं मूल कशावर तरलं? आपल्या 24 तासांसारख्याच नियमांवर. 1997 च्या फ्लोरेस करारानुसार सरकारने मुलांना शक्य तितक्या मोकळ्या वातावरणात ठेवायचं आणि विनाकारण अडकवायचं नाही. 2008 च्या कायद्यानुसार एकट्या आलेल्या मुलाला सीमा पोलिसांनी 72 तासांत आरोग्य व मानवसेवा खात्याकडे द्यायचं. तो कायदा दोन्ही पक्षांनी मिळून केला आणि सही केली धाकट्या बुश यांनी. पकडणारं खातं आणि सांभाळणारं खातं वेगळं हवं, हे तत्त्व तिथेही तेच. नियम वाकवायचे प्रयत्न झाले, पण ते झाले तेव्हा कोर्टात जायला आधार होता.

फरक मात्र मोठा आहे. गोंदियात उतरलेल्या छत्तीसगडच्या मुलापुढे एकच प्रश्न असतो: त्याचं भलं कशात? अमेरिकेतल्या मुलापुढे दोन असतात. सांभाळ सुरू असतानाच त्याच्यावर हद्दपारीचा खटला उभा राहतो, आणि त्यात सरकारी खर्चाने वकील मिळायचा हक्क त्याला नाही. लहानग्याने न्यायाधीशापुढे एकटं उभं राहायचं, असंही तिथे घडतं.

हा दुसरा प्रश्न आपल्याकडे नाही असं नाही. गोंदिया जिल्ह्यातच अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथे जन्मलेलं मूल याच मातीत वाढतं. पण नागरिकत्वाचा कायदा आधी जन्मतारीख विचारतो. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला जन्माने भारतीय. त्यानंतरच्यांना आई किंवा बाप भारतीय असावा लागतो, आणि डिसेंबर 2004 नंतरच्यांसाठी अटी आणखी कडक. म्हणजे एकाच घरात थोरला भाऊ भारतीय नागरिक आणि धाकटा परदेशी म्हणून नोंदलेला, असं होऊ शकतं. बाल न्याय कायदा मुलाचं वय बघतो, नागरिकत्वाचा कायदा त्याच्या आईबापाचे कागद. अमेरिकेतला सगळा वाद या दोहोंपैकी पहिलं काय बघायचं, याचा आहे.

आपण काय करायचं

एकटं मूल दिसलं तर त्याच्याशी बोला, पण घेरू नका. नाव विचारा, पाणी द्या, आरपीएफला किंवा 1098 वर कळवा. गाडी, डबा, वेळ आणि अंगावरचे कपडे सांगा. पोलीस येईपर्यंत नजरेच्या टप्प्यात राहा. सोबतच्या माणसाचा संशय आला तर त्याला धरू नका, मारू नका, त्याचं वर्णन सांगा. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ज्याच्यापासून ते पळालंय, तोही त्याच ग्रुपवर असू शकतो.

ते कुठलं, कुणाचं, का आलं, आपल्याकडे अशी किती येतात, परत पाठवावं की ठेवावं, यावर फलाटावर उभं राहून मत बनवायची गरज नाही. त्यासाठी पाच माणसांची समिती, 15 दिवसांचा अहवाल आणि चार महिन्यांची मुदत आहे. फोन करायला दोन गोष्टी पुरेशा आहेत: वय अठराच्या आतलं दिसतंय, आणि सोबत त्याचं म्हणावं असं कुणी नाही.